माझ्यावरचा केवडा

दमणं, शिणणं, थकणं आणि गळून जाणं या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. दमलेला माणूस घोटभर पाणी पिऊन पुन्हा उठतो. शिणलेल्याला रात्रीची झोप पुरते. थकलेल्याला चार दिवस कुणी आयतं करून वाढलं की बरं वाटतं. गळून गेलेल्याला मात्र सकाळी डोळे उघडले तरी कालचीच संध्याकाळ चालू आहे असं वाटतं. माझं आयुष्य शाळेत इंग्रजी शिकवण्यात गेलं, त्यामुळे शब्द तपासून वापरायची सवय आहे. तेव्हा नीट समजून घ्या, त्या हिवाळ्यात मी दमले नव्हते. मी गळून गेले होते.

फोनवर तुम्हा दोघांना हे कधी सांगितलं नाही. तुम्ही "आजी, हाऊ आर यू?" विचारता, मी "फर्स्ट क्लास" म्हणते आणि मग तुमच्या शाळेतल्या बर्फाच्या गोष्टी सुरू होतात. आता तुम्हाला मराठी वाचता येतं, हळू का होईना, म्हणून लिहून ठेवते.

बारामतीतलं माझं घर तुम्ही पाहिलं आहे. सकाळी कालव्याच्या कडेनं फिरायला जायचं, परत येऊन चहा आणि पेपर, मग स्वयंपाक, आणि दुपारी चार वाजता पुढच्या खोलीत माझा वर्ग. हा वर्ग आज्यांचा आहे. ज्यांची नातवंडं परदेशात वाढली, आणि ज्यांना फोनवर नातवंडांचं बोलणं कळत नाही, अशा बायका येतात. त्यांना व्याकरण नको असतं. "हॅव यू ईटन?" "हू हिट यू?" "डोन्ट क्राय, शो मी." एवढं आलं की त्यांचं काम भागतं. तुमचे आजोबा गेल्यानंतर या वर्गानं माझा दिवस पुन्हा उभा केला. त्यामुळे काय धोक्यात होतं ते आधीच सांगते. हे घर आणि हा वर्ग, दोन्ही माझ्या हातून जायची वेळ आली होती.

सुरुवात चालण्यापासून झाली. पूर्वी मी कालव्याच्या पुलापर्यंत जाऊन यायची. मग अर्ध्यातून परत फिरायला लागले, आणि कारखान्यांचा हंगाम ऐन भरात आला तेव्हा फाटकाशी उभी राहून उसाच्या ट्रॉल्या जाताना बघायची आणि तेच फिरणं समजायची. तळपायांना मुंग्या यायच्या. जिभेवर काही तिखट सोसेना. आणि एका दुपारी वर्गात मी हातात चमचा धरला, तो सगळ्यांना दाखवला, आणि त्याला इंग्रजीत काय म्हणतात ते मला आठवेना. चाळीसेक वर्षं शिकवलेला शब्द! मी चमचा तसाच वर धरून उभी. बायकांना वाटलं, बाई परीक्षा घेताहेत. सगळ्या एका सुरात ओरडल्या, "स्पून!" मी "करेक्ट" म्हणाले आणि खुर्चीत बसले.

त्याच आठवड्यात तुमच्या बाबांशी व्हिडिओवर बोलता बोलता मला झोप लागली. जागी झाले तर ते पडद्यावर माझ्याकडे बघत तसेच बसलेले.

"आई, हे असं किती दिवस चाललंय?"

"काल जागरण झालं रे."

"कसलं जागरण? तू नऊला झोपतेस." मग म्हणाले, "हे बघ, वय झालंय. त्यात लाजण्यासारखं काही नाही. मी मेमध्ये येतो. तोपर्यंत तू बरी झालीस तर उत्तम. नाही तर माझ्याबरोबर यायचं. कायमचं. घर बंद करून."

मी म्हणाले, "ठरलं."

ते चपापले. त्यांना वाटलं होतं मी वाद घालेन. पण वाद घालायला अंगात जोर लागतो, आणि होता नव्हता तेवढा जोर मला दुसऱ्या कामासाठी राखून ठेवायचा होता. वय झालं आहे हे मला मान्य होतं. मात्र हे सगळं वयामुळेच आहे, हे कुणीही सिद्ध केलं नव्हतं.

मग बाटल्या आल्या. तुम्ही दोघांनी कुणाबरोबर तरी पाठवलेल्या अस्वलाच्या आकाराच्या गोड गोळ्या, त्यांच्या डब्यावर 'एनर्जी' असं मोठ्या अक्षरात. बाबांनी पाठवलेलं माशाचं तेल, जे मी कपाटातच ठेवलं, कारण मी अंडंसुद्धा खात नाही. शेजारणीनं अश्वगंधा दिली. औषधांच्या दुकानदारानं कॅल्शियम दिलं. "या वयात सगळेच घेतात, मॅडम," असं तो इतक्या सहज म्हणाला की नाही म्हणणं अडाणीपणाचं वाटलं. आणि वर्गातल्या एका बाईंनी मला सकाळच्या 'शेक'ला नेलं. त्या स्वतः ती पावडर विकायच्या. एका बंगल्याच्या पार्किंगमध्ये खुर्च्या मांडलेल्या, भिंतीवर बारीक झालेल्या माणसांचे आधीचे आणि नंतरचे फोटो, आणि मोठ्या पेल्यात चॉकलेटी फेस. सगळ्यांनी टाळ्या वाजवून एकमेकांना "कसं वाटतंय?" विचारायचं आणि उत्तर एकच द्यायचं, "एकदम फ्रेश!"

मला विचारलं तेव्हा मी म्हणाले, "पोट भरलं."

"बाई, फ्रेश म्हना की!" त्या माझ्या कानाशी कुजबुजल्या. "नवी माणसं बसल्याती."

लोहाच्या गोळ्या मात्र अंथुर्ण्याहून आल्या, म्हणजे त्यांची कल्पना तिथून आली. अंथुर्ण्याला माझे दीर आणि धाकटी जाऊ आपली शेती बघतात. मी रविवारी गेले होते. दिरांनी मला ओट्यावर बसलेली पाहिलं आणि जावेला हाक मारून म्हणाले, "अगं, वैनीवर केवडा पडलाय की!"

तुम्हाला केवडा म्हणजे वासाचा केवडा माहीत असेल. आमच्याकडे उसावर पडतो तो वेगळा. ऊस जोमात असतो, आणि बघता बघता पानं पिवळी, मग जवळजवळ पांढरी पडतात, वाढ थांबते. त्याला केवडा पडला म्हणतात. लोह कमी पडल्याची ती खूण. मग हिराकस पाण्यात विरघळवून फवारतात आणि आठवड्याभरात रान पुन्हा हिरवं दिसतं.

"काय खोटं न्हाय," जाऊ माझ्या डोळ्याची खालची पापणी ओढून म्हणाली. "अक्का, पार पांढरी झालीयासा तुमी. खोडवा उसावानी."

"निदान लागणीचा ऊस तरी म्हण," मी म्हटलं. लागणीचा म्हणजे नव्यानं लावलेला, आणि खोडवा म्हणजे एकदा तोडून नेल्यावर त्याच बुडख्यातून पुन्हा फुटलेला ऊस.

"तुमचं वय काय, लागण काय!" ती हसली.

मी बारामतीला परतले आणि लोहाच्या गोळ्या घेतल्या. पाकिटावर वाचलं तर आत फेरस सल्फेट, म्हणजे तेच हिराकस. दिरांना फोन करून सांगितलं तेव्हा त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी ते गावभर सांगितलं.

मी हे सगळं शिस्तीनं घेतलं. सकाळी चहाबरोबर लोह आणि कॅल्शियम, न्याहारीनंतर अस्वलाच्या गोळ्या, रात्री दुधातून अश्वगंधा. प्रत्येक नवी बाटली उघडली की चार दिवस बरं वाटायचं. हे मी प्रामाणिकपणे लिहिते, कारण ते खरं आहे. तुमच्या गोळ्यांनी तर जास्तच, कारण खाताना तुमचे चेहरे दिसायचे. पण पाचव्या दिवशी पुन्हा तीच सकाळ. शिवाय लोहाच्या गोळ्यांनी पोट जड आणि छातीत जळजळ, म्हणून मी रोजची पित्ताची गोळी कधी चुकवायची नाही.

एका सकाळी फाटकापर्यंत जातानाही भिंतीचा आधार घ्यावा लागला. घरात येऊन मी टेबलावरच्या बाटल्यांकडे पाहिलं आणि मला स्वतःचाच राग आला. एखाद्या मुलीच्या निबंधात चुका असतील तर आधी निबंध वाचायचा की नाही? मी न वाचताच लाल पेन चालवत होते. काय कमी आहे हे कुणी तपासलंच नव्हतं. जो तो आपल्याजवळ जे होतं ते देत होता, आणि मी घेत होते, कारण देणारी सगळी माझी माणसं होती. मी सगळ्या बाटल्या, जुन्या बी.पी.च्या गोळ्यांसकट, एका पिशवीत भरल्या आणि जावेला फोन केला, "उद्या ये. दवाखान्यात जायचंय."

"सलाईन लावायचं का, अक्का? लगेच तरतरी येती."

"सलाईन नको. तपासायचंय."

डॉक्टर तरुण होती. तिनं पिशवी टेबलावर रिकामी केली आणि एकेक बाटली वाचली. मग म्हणाली, "मॅडम, यातलं बी.पी.च्या गोळीशिवाय सगळं बंद. रक्त तपासू, मग बोलू. याशिवाय दुसरं काही औषध चालू आहे?"

"नाही."

"डोकेदुखीची, झोपेची, गुडघ्यांची?"

"काही नाही. मी उगाच औषधं घेत नाही."

शेजारी बसलेल्या जावेनं तोंडावर पदर घेतला. तिला हसू आवरत नव्हतं. "आन् ती पित्ताची?"

"ती कुठे औषधात आली?" मी म्हटलं.

"डाक्टरीणबाई, उठल्या उठल्या पयली ती गोळी, मग दात घासायचं. लग्नाला निघालो तरी पर्समदी आधी ती. आमच्या भावोजींचा बी एवढा मान नव्हता कधी."

डॉक्टरला हसू आलं, पण तिनं पेन खाली ठेवलं. "कधीपासून घेताय?"

मला आठवावं लागलं. दाढ काढली तेव्हा वेदनेच्या गोळ्या दिल्या होत्या, आणि त्यांनी पोटात आग होऊ नये म्हणून ही. दाढ गेली, वेदनेच्या गोळ्या संपल्या, ही राहिली. तुमचे आजोबा तेव्हा हयात होते. म्हणजे वर्षानुवर्षं. कुणी चालू ठेवायला सांगितलं नव्हतं आणि कुणी बंद करायलाही सांगितलं नव्हतं. आपल्याकडे पित्ताची गोळी औषधात धरतच नाहीत. पाहुण्याला बडीशेप द्यावी तशी ती एकमेकींना देतात. मी स्वतः वर्गातल्या बायकांना दिली आहे.

दुपारी रिपोर्ट आले. थायरॉइड ठीक, साखर ठीक. लोह पुरेसं. बी-ट्वेल्व्ह मात्र फारच कमी होतं.

डॉक्टरनं समजावलं ते मी माझ्या शब्दांत सांगते. हे जीवनसत्त्व मांस, अंडी, दूध यांतून मिळतं. मी मांस-अंडी खात नाही आणि दूध घेते ते चहापुरतं. म्हणजे मुळात आवक कमी. जे काही पोटात जातं ते अन्नातून सुटं व्हायला पोटात आम्ल लागतं, आणि ती गोळी रोज सकाळी नेमकं आम्लच कमी करत होती. म्हणून गळून जाणं, म्हणून पायांच्या मुंग्या, आणि कदाचित तो हरवलेला चमचाही.

"म्हणजे वयामुळे नाही?" मी विचारलं. मला दुसरं काही ऐकायचंच नव्हतं.

"थोडं वयही असेल," ती म्हणाली. "इंजेक्शनं सुरू करू, पण वय त्यांनी जाणार नाही. कमतरता भरून निघेल, तेवढीच. मुंग्या किती जातील ते आत्ता सांगता येत नाही. आणि उद्यापासून तरतरी येईल असं समजू नका."

"लोहाच्या गोळ्या?"

"तुम्हाला त्यांची गरज नव्हती. आणि ज्यांना असते त्यांनीही चहाबरोबर आणि कॅल्शियमबरोबर घेतल्या तर अंगी कमी लागतात."

म्हणजे नको ती गोळी, तीही चुकीच्या पद्धतीनं, आणि तिच्या जळजळीवर उतारा म्हणून आणखी पित्ताची गोळी. इतक्या शिस्तीत इतका घोळ मी आयुष्यात केला नव्हता.

संध्याकाळी जावेला सोडायला अंथुर्ण्याला गेलो तेव्हा दीर वाट बघत होते. केवड्याचा अंदाज चुकला हे ऐकून ते जरा खट्टू झाले. मी त्यांना म्हटलं, "पूर्ण चुकला असंही नाही. कमी होतं ते खरं, पण वेगळंच काहीतरी. आणि पोटात गेलेलं अंगात शिरत नव्हतं."

"मग आपल्या चुनखडीच्या पट्टीसारखं हाय हे," ते लगेच सावरून बसले. "तितं बी लोह असतंय जमिनीत. मुळीला उचलता येत न्हाय. मातीत कितीबी टाका, वाया. म्हनून वरनं फवारायचं."

"माझीही फवारणीच आहे. सुई टोचून."

"व्हय, पन पंप कुनाच्या हातात हाय ते बघा," जाऊ म्हणाली. "ह्यांच्या हातात दिऊ नका. बांधावरच्या गवतालाबी मारत्यात."

इंजेक्शनं सुरू झाली. सुरुवातीला काहीच घडलं नाही. उलट पित्ताची गोळी कमी करत आणताना छातीत अशी आग व्हायची की रोज सकाळी हात आपोआप डब्याकडे जायचा. डॉक्टरनं सांगितलं होतं, एकदम सोडू नका, एक दिवसाआड करा, मग हळूहळू सुटेल. मी रात्रीचं जेवण अंधार पडायच्या आत आणलं. दुपारचा चहा सोडला आणि त्याजागी वाटीभर दही घ्यायला लागले. सोडायला सगळ्यात कठीण गेला तो चहा. वर्गातल्या बायका माझ्यासमोर मुद्दाम फुरके मारून चहा प्यायच्या आणि विचारायच्या, "बाई, वुड यू लाइक टी?" मी म्हणायची, "नो, थँक यू." त्या दोन वाक्यांचा सराव त्या महिन्यात सगळ्यांचा पक्का झाला.

बदल कधी झाला ते मला सांगता येत नाही. एका सकाळी डोळे उघडले आणि ती सकाळच होती, एवढंच. त्यानंतर काही दिवसांनी कालव्याकडे गेले आणि अर्ध्या वाटेवर परत फिरायचं विसरले. पुलावर पोचल्यावर लक्षात आलं. तिथल्या कठड्यावर मी बराच वेळ बसले. थकले होते म्हणून बसले असं म्हणता येईल, पण तो साधा थकवा होता. किती दिवसांनी मी नुसती थकले होते!

मेमध्ये तुमचे बाबा आले. त्यांच्या बॅगेत आणखी एक बाटली होती, ती त्यांनी काढली नाही हे मी पाहिलं. पहिले काही दिवस ते माझ्याकडे पेपरच्या आडून बघत होते. मी जिना चढले की ऐकत, भाजी चिरताना सुरी थांबली की मान वर करत. तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी पेपर बाजूला केला.

"तुला काय बघायचंय ते विचार."

"तू खरंच बरी आहेस का, की मला दाखवायला करतेयस?"

"मी बरी आहे. तरुण नाही. पायांच्या मुंग्या पूर्ण गेल्या नाहीत. दुपारी जेवल्यावर मला तासभर पडावंच लागतं, आणि ते कुठल्याही बाटलीनं जाणार नाही. जे कमी होतं ते भरलं. जे वयाचं आहे ते माझं आहे. त्यासाठी मी घर बंद करणार नाही."

"आणि पुन्हा झालं तर?"

"तर पुन्हा तपासेन. यापुढे बी-ट्वेल्व्हची गोळी चालूच राहणार आहे, डॉक्टर बघते आहे. पण तुझ्याकडे येऊन मी काय करू? तिथे मी दिवसभर बरी असेन, आणि मला कुणीही काही विचारणार नाही."

 दुपारी चारला वर्ग भरला तेव्हा ते मागच्या खुर्चीत येऊन बसले. बायकांना कळलं होतं ते का आले आहेत. आमच्याकडे अशी गोष्ट झाकून राहत नाही. त्या दिवशी मी सबंध तास उभी राहून शिकवलं, मुद्दाम नव्हे, शिकवताना बसायचं लक्षातच आलं नाही. तास संपत आला तशी शेकवाल्या बाईंनी हात वर केला. त्यांची कळस गावी डाळिंबाची बाग आहे, आणि त्यांचा बराचसा माल परदेशी जातो. त्या उभ्या राहिल्या, पदर सावरला आणि तुमच्या बाबांकडे वळून एकेक शब्द निवडत म्हणाल्या,

"सर, एक्सक्यूज मी. युअर मदर इज नॉट फॉर एक्सपोर्ट."

आधी सगळ्या वळून त्यांच्याकडे बघायला लागल्या, कारण एवढं लांब वाक्य त्या आजवर वर्गात कधी बोलल्या नव्हत्या. मग हशा उसळला. तुमचे बाबा हसता हसता डोळे पुसत होते. मी मात्र आधी वाक्य तपासलं. चूक नव्हती.

बायका गेल्यावर त्यांनी कप उचलून आत नेले. मोरीशी उभं राहून म्हणाले, "तिकीट माझं एकट्याचंच ठेवतो."

"ठेव," मी म्हटलं, आणि उद्याच्या वर्गासाठी फळा पुसून घेतला.